पत कोणाची?

छत्तीस वर्षे बँकेत नोकरी केली आणि त्यांतील निम्म्याहून अधिक वर्षे कर्जविभागात काढली. समोर बसलेल्या माणसाची पत ठरवणे हेच माझे काम होते. निवृत्तीनंतर मात्र भोसरीतल्या एका गाळ्यात माझीच पत पणाला लागली. त्याची ही हकिगत आहे.

निमित्त झाले वडिलांच्या गाडीचे. १९७१ साली त्यांनी घेतलेली फियाट ११०० डिलाइट आजही आमच्या दारात उभी आहे. सुकाणूच्या दांड्यालाच गिअरचा दांडा, पुढे सलग बाक आणि त्या बाकावर वडिलांशेजारी दाटीवाटीने बसलेली आम्ही भावंडे! वडील गेले, घर बदलले, पण गाडी काढून टाकण्याचे धैर्य मला झाले नाही.

आपल्या वाचकांना या गाडीविषयी जवळीक वाटावी, असे आणखी एक कारण आहे. ती बनवणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना १९४४ साली शेठ वालचंद हिराचंद यांनी केली. सोलापूरच्या एका जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या या उद्योजकाने जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही क्षेत्रांत स्वदेशी उद्योगाचा पाया घातला. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकेच्या क्रायस्लर आणि पुढे इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्याने गाड्या तयार होऊ लागल्या. डिलाइटचेच पुढचे रूप म्हणजे प्रीमियर पद्मिनी. मुंबईच्या रस्त्यावरून काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये निवृत्त झाली, तेव्हा अनेकांना घरातले माणूस गेल्यासारखे वाटले.

संग्राहकांच्या काटेकोर व्याख्येप्रमाणे ‘विंटेज’ म्हणजे १९१९ ते १९३० या काळातील मोटार. परंतु केंद्र सरकारने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे उलटून गेलेली, मूळ स्वरूपात जपलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीचे शुल्क वीस हजार रुपये आणि नूतनीकरणाचे पाच हजार. चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, ही त्यातली महत्त्वाची अट. म्हणजे अशा गाडीचे मोल तिच्या मूळ भागांत आहे, आणि ते भाग ज्याच्या हाती सोपवायचे तो मेस्त्री विश्वासाचा हवा.

असा मेस्त्री मिळायला मला दोन वर्षे लागली.

दुखणे सुरू झाले ते चाकणच्या तळेगाव चौकात. वैशाखाची दुपार, वाहतूक तुंबलेली, आणि गाडी अचानक बंद पडली. शेजारून नव्याकोऱ्या मोटारी लादलेला ट्रेलर मुंगीच्या पावलांनी सरकत होता. अर्ध्या तासाने गाडी आपली आपण चालू झाली. पुढे हाच प्रकार वारंवार घडू लागला. थोडे अंतर गेले, इंजिन तापले, की गाडी बंद.

एका गॅरेजमध्ये दाखवली. दहा मिनिटांत निदान झाले, ‘इंजिन खोलावे लागेल.’ चार महिने गाडी तेथे पडून होती. पिस्टन, रिंगा, बोअरिंग असे करत पंच्याऐंशी हजारांचे बिल झाले. गाडी घरी आली आणि आठ दिवसांत पुन्हा तापून बंद पडली. त्याहून वाईट म्हणजे, एका जाणकार परिचिताने बॉनेट उघडून विचारले, “हा कार्बोरेटर मूळचा नाही. तुम्ही बदललात का?” मी बदललेला नव्हता. परंतु तक्रार कशाच्या आधारावर करणार? गाडी सोपवताना मी ना छायाचित्रे काढली होती, ना भागांची यादी केली होती. तारण न तपासता कर्ज देणाऱ्या कनिष्ठांना मी जन्मभर फैलावर घेतले, आणि स्वतः मात्र तीच चूक केली.

मुलगा म्हणाला, “बाबा, किती दिवस? कुदळवाडीत भंगारवाला निदान वजनाचे पैसे तरी देईल.” त्याचे चूक नव्हते. दारात नुसती गंजत ठेवायची, तर वडिलांची आठवण तरी कसली जपली जाते?

आपल्या या पट्ट्यात वाहनउद्योगाला काय तोटा! आकुर्डी, पिंपरी, भोसरी, चाकण येथे मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यांची रांग लागली आहे. परंतु नव्या वर्कशॉपमधला हुशार मुलगा माझ्या गाडीकडे पाहून नम्रपणे म्हणाला, “सर, हिला स्कॅनर कुठे लावायचा?” त्याच्या विद्येचा आधार संगणक, माझ्या गाडीत संगणकच नाही. तिच्यासाठी कान, नाक आणि बोटे तयार झालेला माणूस हवा.

शेवटी बँकेतली जुनी युक्ती आठवली. कर्ज मागणाऱ्याची खरी माहिती त्याचे मित्र देत नाहीत, त्याला माल पुरवणारा व्यापारी देतो. पुण्याच्या नाना पेठेत मोटारीच्या सुट्या भागांची जुनी बाजारपेठ आहे. तेथील एका वयस्कर दुकानदाराला मी ‘चांगला मेस्त्री कोण’ असे विचारलेच नाही. विचारले, “तुमच्याकडून माल नेताना वाढीव बिल कोण मागत नाही? आणि न लागलेला भाग कोण परत आणून देतो?” दुकानदार क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला, मग हसला आणि कागदाच्या चिठोऱ्यावर भोसरीचा पत्ता लिहून दिला.

मेस्त्री सत्तरीच्या आसपासचे. तरुणपणी मुंबईत टॅक्सींच्या गॅरेजमध्ये शिकलेले. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी प्रश्न विचारले. गाडी किती वेळाने बंद पडते? झटक्यात की आचके देत? पुन्हा चालू व्हायला किती वेळ लागतो? मग स्वतः शेजारी बसून म्हणाले, “चला साहेब, बंद पडेपर्यंत फिरवू.”

इंद्रायणीनगरच्या पुढे ती बंद पडली. त्यांनी पेट्रोल पंपावर ओले फडके ठेवून पाहिले. उष्णतेने पेट्रोलची वाफ होऊन प्रवाह अडतो, तो दोष नव्हे याची खात्री केली. मग प्लगची वायर काढून ठिणगी पाहिली. निळी, टणक ठिणगी हवी. ती पिवळट आणि मरगळलेली होती. डिस्ट्रिब्युटर, ज्याला जुने मेस्त्री ‘डेल्को’ म्हणतात, त्याचे झाकण उघडले तर आतले पॉइंट जळून खडबडीत झालेले. “कंडेन्सर गेलाय. थंड असताना काम करतो, तापला की बसतो.” काही शे रुपयांचा भाग. नवा कंडेन्सर आणि पॉइंट बसवले, फीलर गेजने फट जुळवली, आणि त्या दिवसापासून गाडी एकदाही तापून बंद पडली नाही.

“मग इंजिन खोलायची गरजच नव्हती?” मी विचारले.

“त्यांनी काय पाहिलं ते मला ठाऊक नाही,” एवढेच ते म्हणाले. दुसऱ्याच्या कामाची निंदा त्यांनी केली नाही. जुना कंडेन्सर आणि पॉइंट कागदात गुंडाळून माझ्या हाती दिले.

एवढे पाहूनही माझे मन निःशंक झाले नव्हते. ब्रेक, डायनामो आणि वायरिंग यांचे मोठे काम त्यांच्याकडे द्यायचे ठरले. गाडी तीन आठवडे त्यांच्याकडे राहणार होती. आदल्या रात्री मी बॅटरीच्या उजेडात बॉनेट उघडले आणि सौभाग्यवतींच्या नेलपॉलिशने डायनामो, डेल्को, पेट्रोल पंप आणि स्टार्टर यांवर आतल्या बाजूला बारीक लाल ठिपके दिले. कोणाला सांगितले नाही. आपण फार सावध झालो, असे मनाशी समाधान मानले.

तीन आठवड्यांनी गाडी घ्यायला गेलो. मेस्त्री हात धूत असताना मी वाकून ठिपके तपासले. तीन जसेच्या तसे होते. डायनामोवरचा ठिपका मात्र जरा मोठा आणि विटकरी रंगाचा. माझ्या छातीत धस्स झाले. पुन्हा तेच! मूळ डायनामो गेला आणि वर माझी खूणही कोणी नक्कल करून ठेवली.

मेस्त्री मागे कधी येऊन उभे राहिले, कळले नाही. शांतपणे म्हणाले, “साहेब, डायनामो खोलून थिनरने धुतला. तुमची खूण निघून गेली. तुमच्या मनात नको ते येईल, म्हणून माझ्याकडचा रंग होता तो लावून ठेवला. ठिपके पहिल्याच दिवशी दिसले होते मला.” आणि त्यांनी डबीतून डायनामोचे झिजलेले कार्बन ब्रश आणि बुश माझ्यापुढे ठेवले.

माझ्यातला बँक अधिकारी लगेच हिशेब मांडू लागला. ज्याच्यावर संशय, त्यानेच पुन्हा केलेल्या खुणेला पुरावा म्हणून किंमत शून्य. झिजलेले ब्रश कोणत्याही डायनामोचे असू शकतात. कागदावर काहीच सिद्ध होत नव्हते. परंतु त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि दुसरा हिशेब समोर आला. तीन आठवडे हा माणूस आपल्यावर चोरीचा संशय आहे हे जाणून माझ्या गाडीखाली झोपून काम करत होता. काम सोडून देता आले असते, चार शब्द सुनावता आले असते. त्याऐवजी त्याने माझा संशयही गाडीच्या एखाद्या भागासारखा सांभाळून जागेवर ठेवला होता.

संवत्सरीला मी दरवर्षी शेकडो लोकांना मोबाइलवरून क्षमापनेचा संदेश पाठवतो. त्यांतील कितीजणांचा मी खरोखर अपराध केलेला असतो? येथे खरा अपराध समोर होता, आणि जीभ उचलत नव्हती. अखेर हात जोडले. “मेस्त्री, माझे चुकले. मला क्षमा करा.”

ते संकोचले. “एकदा पोळलेला माणूस ताक फुंकून पितोच, साहेब. पण पुढच्या वेळी रात्री अंधारात नका करू. दिवसा माझ्यासमोर बसून यादी करू. इंजिन नंबर, चॅसिस नंबर, एकेका भागाचा फोटो. दोघांची सही. त्यात मलाही बरं असतं.”

आता तसेच करतो. जुनी गाडी असणाऱ्या वाचकांनाही तेच सांगेन. आधी लहान काम देऊन पाहावे, काढलेला भाग परत मागावा, यादी दोघांनी मिळून उघडपणे करावी. न विचारता ‘इंजिन खोला’ म्हणणाऱ्यापेक्षा आधी प्रश्न विचारणारा मेस्त्री निवडावा. आणि तो मिळाला, तर त्याला योग्य मजुरी घासाघीस न करता वेळेवर द्यावी. कारण त्याच्यानंतर ही विद्या पुढे नेणारे कोणी दिसत नाही. आमच्या मेस्त्रींचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. काम चांगले आहे, पगारही चांगला आहे. डेल्को मात्र त्याने आयुष्यात उघडलेला नाही.

डायनामोवरचा तो विटकरी ठिपका मी पुसलेला नाही. तेल-पाणी पाहायला बॉनेट उघडले, की तो दिसतो.