ओल्या सरपणाला वेळ हवा

पावसाळ्यात गडाच्या पायथ्याशी चूल पेटवायची, तर नुसती काडेपेटी पुरत नाही. काडीची ज्योत काही सेकंदांची. ओल्या लाकडातलं पाणी १०० अंशांना वाफ होऊन निघून जाईपर्यंत लाकूड त्यापुढे तापतच नाही, आणि ते पेट घेतं साधारण ३०० अंशांच्या आसपास. म्हणून पेटवण निवडताना ज्योत केवढी यापेक्षा ती किती वेळ टिकते, हे बघावं. ट्रेकिंग शिबिरांत चूल शिकवताना मी आधी हेच सांगते.

रॉकेल ओतणाऱ्यांचं चुकतं ते इथेच. भपका मोठा होतो, भुवया जळतात, लाकूड मात्र ओलंच राहतं. कापराचंही काहीसं तसंच. तो पाण्यावरही जळतो. पण लवकर संपतो, आणि डबी घट्ट नसेल तर न वितळताच हवेत उडून जातो. काडीची ज्योत पेटवणापर्यंत पोचवायला तो उत्तम, एकट्याने चूल पेटवायला अपुरा.

सगळ्यात सोपं पेटवण म्हणजे वातीचा कापूस आणि पेट्रोलियम जेली. कापूस शुद्ध हवा. सिंथेटिक असेल तर तो नुसता वितळतो. जेली बाहेरून चोळावी, आतले तंतू कोरडे राहू द्यावेत आणि पेटवताना तेच उकलून वर काढावेत. पणतीत तेल जळतं आणि वात टिकते, तसंच इथे जेली जळते. असा एक बोळा चार-पाच मिनिटं सहज जळतो.

त्याहून दमदार असते ती मेण-भुशाची वडी. दिवाळीनंतर उरलेल्या मेणबत्त्यांचे तुकडे त्यासाठी जपून ठेवावेत. सुताराकडून साध्या लाकडाचा कोरडा भुसा आणावा. प्लायवूडचा नको, त्यात डिंकाची रसायनं असतात. पुठ्ठ्याच्या अंड्यांच्या ट्रेमध्ये भुसा सैलसर भरून वर वितळलेलं मेण ओतावं. भुसा मेणात भिजावा, बुडू नये. मेण थेट आचेवर कधीही ठेवू नये. गरम पाण्यात भांडं ठेवून वितळवावं. तरीही भडका उडालाच तर पाणी न टाकता झाकण ठेवावं. गार झाल्यावर एकेक खण कापून घ्यावा. कोकणात भुशाऐवजी नारळाच्या सोडणाचे वाळलेले तंतू वापरले तरी चालतात.

वडी चांगली असली, तरी रचना चुकली की फुकट. दोन जाड लाकडांमध्ये वडी ठेवावी. तिच्यावर आधी काडीएवढ्या बारीक ढलप्या, मग बोटाएवढ्या काटक्या, शेवटी मोठं सरपण. जमिनीवरची लाकडं ओल धरतात. झाडात अडकलेल्या वाळक्या फांद्या बऱ्या. जाड लाकूड कोयत्याने फोडलं, तर आतला गाभा बहुधा कोरडा निघतो.

चूल कुठे पेटवायची, हेही तितकंच महत्त्वाचं. राखीव वनात मनाईचा भंग करून आग पेटवणं १९२७च्या भारतीय वन अधिनियमानुसार गुन्हा आहे. कळसूबाई-हरिश्चंद्रगडासारख्या अभयारण्यांना १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदाही लागू आहे. शिवाय लेण्यांच्या छताला धरलेली काजळी पुसता येत नाही. म्हणून माझी शिबिरं पायथ्याच्या गावात, मालकाला विचारून, त्याच्याच अंगणात चूल मांडतात. दिवाळीनंतर पठारांवरचं गवत वाळलं की वड्या सॅकमध्येच राहतात आणि वर फक्त गॅसचा स्टोव्ह जातो. चूल विझवताना पाणी ओतून राख ढवळायची, पुन्हा पाणी ओतायचं. राखेला हात लावता येईपर्यंत तिथून कुणी उठायचं नाही.