लाडूची खाज आणि घरचा हिशेब

दूध, किराणा, भाजी, मुलांच्या फिया, सासूबाईंच्या बी.पी.च्या गोळ्या ही खाती तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच हिशेबाच्या वहीत असतात. पण ज्यांच्या घरी कुत्रं आहे, आणि त्यातून त्याला कातडीची ॲलर्जी आहे, त्यांच्या वहीत आणखी एक खातं असतं. त्याबद्दल कुणी मोकळेपणानं बोलत नाही. कशाला बोलतील? "कुत्र्याच्या खाजेवर एवढे पैसे?" हे ऐकून ऐकून कान किटलेले असतात! आज मी तेच खातं तुमच्यापुढे उघडते आहे, आकड्यांसकट.

आमचा लाडू लॅब्रेडॉर जातीचा. वय वर्षं चार, वजन बत्तीस किलो. लेकीनं हट्टानं आणला आणि ती गेली पुण्याला होस्टेलवर. आणतात मुलं आणि सांभाळते आई, हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच. दीड वर्षाचा होईपर्यंत दृष्ट लागावी असा होता. मग पंजे चाटायला लागला. कान हलवायला लागला, कानांना आंबूस वास यायला लागला, पोट लालेलाल झालं, शेपटीच्या मुळाशी केस जाऊन कातडं उघडं पडलं. ॲलर्जी म्हटलं की आपल्याला शिंका आणि वाहतं नाक आठवतं. कुत्र्यांची ॲलर्जी मात्र बहुधा कातडीतून बाहेर पडते. रात्रभर खर्रखर्र खाजवणं आणि गळ्यातल्या घुंगराचा आवाज. घरात कुणाला झोप नाही.

पहिल्या सात महिन्यांचा हिशेब असा. दवाखान्याच्या नऊ खेपा, दर खेपेला फी आणि इंजेक्शन धरून ६०० रुपये, म्हणजे ५,४००. गोळ्या आणि कानातले थेंब ३,२५०. तीन तऱ्हेचे शाम्पू १,६५०. "हे खास ॲलर्जीचं आहे" म्हणून दिलेली खाण्याची एक पिशवी ४,२००. एकूण १४,५०० रुपये. इंजेक्शन दिलं की लाडू आठ-दहा दिवस शहाण्यासारखा झोपायचा, अकराव्या दिवशी पुन्हा सुरू. इंजेक्शन कशाचं, हे विचारलं तर "खाजेचं" एवढंच उत्तर. कागदावर काही लिहून मिळत नसे.

आमचे हे तसे शांत. पण एका रात्री वही पाहून म्हणाले, "हे असं किती दिवस चालायचं?" त्यात राग नव्हता, म्हणूनच मला उत्तर सुचेना. लेकीची फी भरायची होती, घराच्या गच्चीचं काम निघालं होतं. त्याच आठवड्यात शेजारच्या एकांनी सुचवलं, "मळ्यावर सोडून या. कुत्र्याची जात, जगेल कशीही." त्वचेनं उघडं पडलेलं, गादीवर वाढलेलं जनावर मळ्यावर कसं जगेल, ते तुम्हीच सांगा. प्राण्यांना क्रूरतेनं वागवू नये म्हणून १९६० साली झालेल्या कायद्यात, उपाशीतापाशी मरेल अशा स्थितीत जनावर सोडून देणं हा गुन्हाच आहे. दंड मात्र वाचून हसू येतं, पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये!

आम्ही साताऱ्याचे. खंबाटकी ओलांडली की शिरवळ, तिथं १९८८ पासून सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. भाच्याची गाडी मिळाली तशी मी लाडूला घेऊन तिथं गेले. अशी महाविद्यालयं मुंबईत परळला आहेत, नागपूरला आहेत, आणखीही काही ठिकाणी आहेत. मुलांना शिकवायचं असतं म्हणून तिथं तपासणीला वेळ देतात, आणि केसपेपरची फी खासगी दवाखान्याच्या मानानं कमी असते. जिल्ह्याच्या गावी सरकारी पशुवैद्यकीय चिकित्सालयही असतं. ते गाई-म्हशींचं, असं समजून आपण तिकडे फिरकत नाही, पण कुत्र्या-मांजरांनाही तिथं बघतात, बरं का.

तिथल्या डॉक्टरांनी इंजेक्शन काढलंच नाही. आधी बारीक फणीनं शेपटीकडचे केस विंचरले आणि फणीतला कचरा ओल्या पांढऱ्या कागदावर झटकला. काळे कण होते. बघता बघता त्यांच्याभोवती तांबूस डाग पसरला. "ही पिसवांची विष्ठा. म्हणजे तुमच्या कुत्र्याचंच पचलेलं रक्त." पिसू एकही दिसत नव्हती! पिसवेच्या लाळेची ॲलर्जी असेल तर दोन-चार चावेसुद्धा पुरतात. शिवाय पिसवांची अंडी आणि अळ्या कुत्र्याच्या अंगावर फारशा राहत नाहीत, त्या असतात गोधडीत, दिवाणाखाली, फरशीच्या फटीत. मग कातडी खरवडून काचेवर घेतली, कानातला मळ घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. खरजेचे किडे नव्हते, बुरशी भरपूर होती. ॲलर्जीनं सुजलेल्या कातडीवर ती माजते आणि खाज दुप्पट होते.

हा कागदाचा प्रयोग घरी करून पाहा. खर्च शून्य.

पिसवा गेल्यावर खाज निम्म्यानं उतरली, पण सगळी गेली नाही. पावसाळ्यात पुन्हा पंजे लाल. मग दोन महिने खाण्याची परीक्षा झाली, आणि त्यासाठी महागडी पिशवी लागलीच नाही. लाडूनं आजवर कधी न खाल्लेली मासळी आणि उकडलेला बटाटा, डॉक्टरांनी सांगितलेल्या मापानं. दुसरं काही म्हणजे काही नाही. दूध नाही, बिस्कीट नाही. आमच्या सासूबाईंच्या हातून पोळीचा तुकडा मिळवण्याची त्याची जुनी सवय, तिच्यावर पहारा ठेवणं हेच खरं कष्टाचं काम! खाण्यानं फरक पडला नाही, तेव्हा ठरलं की धूळ, बुरशी, परागकण अशा हवेतल्या गोष्टींचीही ॲलर्जी आहे. ही मधुमेहासारखी आहे. बरी होत नाही, ताब्यात ठेवता येते. हे ऐकून मला वाईट वाटलं, आणि जरा सुटल्यासारखंही झालं. सात महिन्यांत पहिल्यांदा कुणी "बरा होईल" असं खोटं सांगत नव्हतं.

मग मी जे विचारलं ते तुम्हीही विचारा, एवढ्याचसाठी हा लेख लिहायला घेतला. मी म्हटलं, "डॉक्टर, आम्हाला महिन्याला हजार-बाराशेच्या वर झेपणार नाही. त्यात काय बसतं ते सांगा." आपण साडीच्या दुकानात बिनदिक्कत भाव विचारतो आणि दवाखान्यात मान खाली घालून पाकीट उघडतो. का बरं? डॉक्टर रागावले नाहीत. पेन घेऊन मांडायलाच बसले.

औषध महाग का पडतं, तेही तेव्हा कळलं. मात्रा वजनावर असते. शेजारच्या पाच किलोच्या पामेरियनला जी गोळी महिनाभर पुरते, ती लाडूला आठवडाही पुरत नाही. (पिल्लू आणण्याआधी त्याच्या गोंडस चेहऱ्याबरोबर पुढच्या वजनाचाही विचार करावा तो यासाठी.) खाजेवरची नवी गोळी, ऑक्लासिटिनिब नावाची, अमेरिकेत २०१३ साली मंजूर झाली. गुण चांगला आणि लवकर येतो, पण लाडूच्या वजनाला एकेक गोळी शंभर रुपयांच्या वर. रोज एक म्हटली तरी महिन्याला तीन हजारांच्या पुढे. जुनी स्टेरॉइडची गोळी अगदी स्वस्त. तिचं नाव काढलं की लोक घाबरतात, पण डॉक्टर म्हणाले, कमी मात्रेत, थोडे दिवस, देखरेखीखाली दिली तर ती शत्रू नाही. कुत्रं पाणी फार पितं, लघवीला फार जातं, भूक वाढते. महिनोन्‌महिने दिली तर मात्र शरीर पोखरते, आणि बरेच दिवस दिल्यावर एकदम बंद करायची नाही.

आमचा आराखडा ठरला तो असा. पिसवांचं औषध वर्षभर, चुकवायचं नाही, सरासरी महिन्याला ७०० रुपये. घरात मांजर असेल तर तिलाही तिचं वेगळं औषध. कुत्र्याचं मांजराला लावू नका, काही थेंबांत असलेल्या पर्मेथ्रिननं मांजर दगावतं. गोधडी दर आठवड्याला कढत पाण्यात. बुरशीवरचा शाम्पू, महिन्याला २५०. हा शाम्पू अंगावर घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवायचा, नाहीतर पैसे सरळ मोरीत जातात. मी लाडूला फेस लावते आणि तिथंच पाटावर बसून लसूण सोलते. गोळ्या फक्त वाईट महिन्यांत. तपासणीच्या खेपा धरून वर्षाला तेरा हजारांच्या आसपास. थोडे नाहीत. पण पूर्वी सात महिन्यांतच याहून जास्त गेले होते आणि कुत्रं तसंच खाजवत होतं.

विम्याचं म्हणाल तर आता कुत्र्यांचेही विमे निघतात, पण आधीपासून असलेला आजार त्यात सहसा धरत नाहीत. पिल्लू असतानाच अटी नीट वाचा.

आणि घरगुती उपायांबद्दल स्पष्ट सांगते. गाडीचं जळकं ऑइल, रॉकेल, खोबरेल तेलात कापूर, डेटॉल, फिनेल, यांतलं काहीही जनावराच्या अंगाला लावू नका. कुत्रं अंग चाटतं आणि ते पोटात जातं. माणसाची पॅरासिटामॉल मांजराला तर एकसुद्धा देऊ नका, तिच्यासाठी ते विषच.

तेरा हजारांतले पाच मी माझ्या फॉल-पिकोच्या कमाईतून देते. हे म्हणाले, "सगळे घरातूनच घे की." पण मला तसं नको होतं. कुणी "एवढे पैसे?" म्हणालं तर निदान काही भागापुरतं मला उत्तर देण्याचं कारण राहत नाही. उरलेले आठ हजार ह्यांनी स्वतःच्या हातानं वहीत "औषधे" या खात्यात मांडले, सासूबाईंच्या गोळ्यांच्या खालच्याच ओळीवर. सासूबाईंनी चष्मा लावून ते वाचलं. "माझ्या खाली कुत्रं?" म्हणाल्या, आणि दुसरं पान काढायला लावलं. आता लाडूचं पान वेगळं आहे. गेल्या पावसाळ्यात त्यावर गोळ्यांचे सहा आठवडे लागले, या वेळी चार.