पट्ट्यावरची रेघ

आमच्या खटाव तालुक्यात बैल एकट्यानं घ्यायचा नाही, अशी रीत होती. पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा असो, नाहीतर आटपाडीकडची खरसुंडीची, आबा गावातला एखादा जाणता माणूस संगं घ्यायचे. तो बैलाचा जबडा उघडून दात बघायचा. दोन दाती, चार दाती, का जुळलेला. मग खूर, वशिंड, खांद्यावरचे घट्टे. चालवून बघायचा. दराची गोष्ट सगळ्यात शेवटी, उपरण्याखाली बोटं धरून. आबा म्हणायचे, "आपल्याला जनावर आवडलेलं असतंय. मग आपल्या डोळ्याला खोड दिसत न्हाई. ज्याला घ्यायचं न्हाई त्याच्या डोळ्यानं बघावं."

दावणीचे बैल गेले, आबाही गेले. पण जुनी चारचाकी घ्यायची वेळ आली तेव्हा मी तेच केलं. विट्याचे एक मिस्त्री नात्यानं लांबचे मामा लागतात, त्यांना संगं घेतलं.

२०२० चा जानेवारी होता. आईचं डायलिसिस मिरजेला, आठवड्यातून दोनदा. मायणी, विटा, तासगाव, सांगली करत एस्टीनं जायचं. जाताना ती कशीबशी बसायची, येताना माझ्या मांडीवर डोकं टाकायची. आल्याचे दोन पैसे हातात आले होते. सांगलीत एक वॅगन आर विकायची आहे असं कळलं. दहाचं पासिंग, मालक एकच, एक लाख चाळीस हजार. मामा म्हणाले, "बाजारापेक्षा तीसेक हजारानं स्वस्त हाय. का, ते बघू."

कृष्णेच्या काठाजवळच्या गल्लीत घर होतं. पाच महिन्यांपूर्वी, ऑगस्ट २०१९ च्या पुरात, आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट.

गाडी चकाचक होती. मामांनी आधी बॉनेटवर तळहात ठेवला. गाडी आधीच चालू करून गरम ठेवलेली नाही ना, हे बघायला. मग ऑइलची पट्टी काढून बोटावर पुसली. दाराचं रबर ओढून आतला पत्रा बघितला, बोटांनी ठोकून कुठं पुट्टी भरली आहे का ते ऐकलं. चासीचा नंबर आरसी बुकाशी ताडला. सातबाऱ्यावर असतो तसा आरसीवरही बँकेचा बोजा असतो, तो उतरलेला होता. सगळं बरोबर. माझ्या मनात गाडी घरी पोचलीसुद्धा होती.

मग मामा आत बसले. कार्पेट नवं. त्यांनी ते उचललं. सीट पुढं-मागं सरकते त्या पट्ट्या गंजलेल्या. शेवटी त्यांनी सीटबेल्ट ओढला, ओढतच राहिले, पार टोकापर्यंत. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. सीट धुतात, मॅट बदलतात, पण खांबाच्या आत गुंडाळलेला पट्टा कुणी धूत नाही.

"मालक, गाडीत पाणी गेलंय."

मालक काही बोलले नाहीत. त्यांच्या बायकोनंच सांगितलं. गाडी दारात होती, ही माणसं माळ्यावर. विमा थर्ड पार्टीचा, त्यात पुराचं काही मिळत नाही. दुकानातला मालही गेला होता.

चहा आला. बसलो होतो त्या खोलीला चुना दिला होता, तरी पुराची रेघ आतून उमटली होती, माझ्या डोक्याच्या वर. मामा तिकडं बघत म्हणाले, "ही झाकली न्हाई, मग गाडीतली कशाला झाकली?"

"भिंत इकायची न्हाई, मामा," मालक म्हणाले.

मग त्यांनी आपण होऊन नव्वद हजार सांगितले. माझा जीव खालीवर झाला. गाडी तर चालू होती. मामांनी मला बाहेर नेलं. "वायरिंगच्या जोडात पाणी शिरलं की ते आतून हिरवं पडत जातंय. आज चालंल, उद्या चालंल. रातच्याला तासगावच्या पुढं बंद पडली, तर आईला कशात घालशील?"

आम्ही नको म्हणालो. निघताना मामांनी मालकांना सांगितलं, "गाडी पुराची हाय असं सांगून सुट्या भागासाठी द्या. कमी येतील, पण झोप लागंल." त्या दिवसाची मजुरी त्यांनी माझ्याकडून घेतली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी कराडला एक गाडी मिळाली. पन्नासचं पासिंग, रंग उडालेला, मागच्या दाराला पोचा. मामांनी तिचाही पट्टा टोकापर्यंत ओढला. तो कोरडा आणि एकाच रंगाचा होता. महिन्याभरात देश बंद झाला. एस्टी थांबली. जिल्ह्याच्या हद्दीवर दवाखान्याचे कागद दाखवत आम्ही आठवड्यातून दोनदा मिरज गाठायचो. आई मागच्या सीटवर आडवी.

रिकाम्या रस्त्यावर समोरून दहाच्या पासिंगची वॅगन आर आली की माझी नजर नंबरावर जायची. ती कुणी घेतली, मला कधी कळलं नाही. घेणाऱ्याच्या घरी आजारी माणूस नसावं, एवढंच मनात यायचं.