नागासाकीच्या टेकडीवर

मार्चच्या अखेरीस आमचें जहाज नागासाकी बंदरास लागलें. टेकड्यांच्या उतारांवर साकुरा बहरला होता. पालवी फुटण्यापूर्वींच झाडें फिक्या गुलाबी फुलांनीं भरून गेलीं होतीं. हा बहर अल्पजीवी, म्हणून नगरवासी सहकुटुंब झाडांखालीं बसले होते.

आम्ही निशिझाका टेकडी चढलों. येथें ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं सव्वीस ख्रिस्ती जनांस क्रुसावर देहान्त शिक्षा झाली. त्यांत आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया होते. ते जपानी भाषा उत्तम जाणत व आपल्या धर्मबंधूंचे दुभाषी असत. १९६२ सालच्या स्मारकांत त्यांची कांस्यमूर्ति पाहतांच परमुलखांत घरचें माणूस भेटल्यासारखें झालें. विद्यार्थिमित्रहो, परकी भाषा गुण मिळविण्यापुरती न शिकतां ती बोलणाऱ्या माणसांसाठीं शिकावी, हेंच त्या टेकडीवर आमच्या मनानें घेतलें.