आरशाशी बोलणारा
बजरीगर घरी आला आणि नॉनस्टिक तवा माळ्यावर गेला. तो फार तापला तर त्याच्या वाफांनी पक्षी दगावतात. पिंजऱ्यात राळे, कोथिंबीर, चोचीसाठी समुद्रफेस. आपल्याकडचा पोपट पाळायला १९७२च्या कायद्याने बंदी. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा, म्हणून चालतो. हे गणित मला काही पुरतं पटत नाही. तिकडे याचे भाईबंद पाण्याच्या शोधात थव्यांनी मैलोन्‌मैल उडतात. हा एकटा आरशाशी बोलत बसतो. रात्री मान पाठीच्या पिसांत खुपसून, एका पायावर झोपतो, तेव्हा त्याला माझी भीती उरली नसावी असं वाटून बरं वाटतं. लगेच मनात येतं, याला आणलं तरी कशाला? आरसा काढावा की जोडीदार आणावा? आई म्हणते, आधी पिंजरा मोठा आण.