गंजलेली जीप

विद्यार्थी मित्रांनो, 'गंज' हा शब्द तुम्हांला उर्दूतून ठाऊक आहे. उर्दूत गंज म्हणजे खजिना. मराठीत मात्र गंज म्हणजे लोखंडावर चढणारा तो तांबूस थर, ज्याला तुम्ही घरी जंग म्हणता. उच्चार एकच आणि अर्थ अगदी उलट! मराठी शिकताना असे शब्द भेटले की मला मोठी मौज वाटते. मला तर हे दोन्ही गंज एकाच ठिकाणी सापडले, आमच्या परसातल्या एका जुन्या जीपमध्ये. त्या जीपची हकीकत आज तुम्हांला सांगणार आहे.

आमचे गाव कोकणात, खाडीच्या काठी आहे. गावाच्या मागे डोंगर आणि डोंगरावर एक वाडी. वाडीला जाणारी वाट लाल मातीची. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात नुसता चिखल. त्या वाटेवर चालेल अशी गाडी हवी, म्हणून माझ्या अब्बांनी एका सरकारी लिलावात ही जीप घेतली होती. १९७४ साली तयार झालेली, महिंद्रा कंपनीची सी.जे. थ्री-बी. आंब्याच्या मोसमात तिने पेट्या वाहिल्या आणि रात्री-अपरात्री वाडीतली आजारी माणसे दवाखान्यात पोहोचवली. अब्बा गेले आणि जीप फणसाच्या झाडाखाली उभी राहिली, ती तब्बल अकरा वर्षे. तिच्या सीटमध्ये उंदरांनी बिऱ्हाड केले. खाडीच्या खाऱ्या हवेने पत्र्याला भोके पाडली.

एके दिवशी भंगारवाला आला आणि वजनावर भाव सांगून गेला. पैसे कमी नव्हते. घराची कौले बदलायची होती, म्हणून मोहही झाला. पण अम्मी म्हणाली, "विकायची तर वीक. पण आधी कुणा जाणत्याला दाखव. कुणी नाडी पाहिल्याशिवाय मेली म्हणू नये."

जाणते म्हणजे तालुक्याच्या गावचे एक म्हातारे मिस्त्री. अब्बांच्या वेळी तेच जीप पाहत. वय सत्तरीच्या पुढे. गॅरेज जवळजवळ बंदच पडलेले, कारण नव्या गाड्यांची दुरुस्ती संगणक लावून होते आणि जुन्या गाड्या उरल्या नाहीत. मी बोलावल्यावर ते एस.टी.ने आले. हातात फक्त एक लहान हातोडी होती. ते जीपखाली वाकले आणि चासीवर, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावर, हळूहळू ठोके मारत निघाले. "ऐका मास्तर," ते म्हणाले, "टण वाजले की लोखंड जिवंत. थप वाजले की आतून खाल्लेले." दोन ठिकाणी थप वाजले, बाकी सगळीकडे टण. ते उठून म्हणाले, "चाचांची गाडी उठेल. पण घाई करायची नाही."

मित्रांनो, दुरुस्तीची गोष्ट सांगण्याआधी जीपचे मूळ सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, अमेरिकेच्या सैन्याला एक हलकी, चारही चाकांना जोर देणारी गाडी हवी होती. नमुना तयार करायला सैन्याने फक्त ४९ दिवसांची मुदत दिली. बॅन्टम नावाच्या एका लहान कंपनीने तो मुदतीत करून दाखवला. पुढे विलीज आणि फोर्ड या कंपन्यांनी युद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून अधिक गाड्या बनवल्या. युद्धानंतर हीच गाडी शेतकऱ्यांसाठी विकली जाऊ लागली. सी.जे. ही अक्षरे म्हणजे 'सिव्हिलियन जीप', नागरिकांची जीप.

आपल्याकडे ती आणणाऱ्या कंपनीची सुरुवात १९४५ साली झाली. तिचे तेव्हाचे नाव होते 'महिंद्रा अँड मोहम्मद'. महिंद्रा बंधूंबरोबर मलिक गुलाम मोहम्मद हे भागीदार होते. फाळणीनंतर ते पाकिस्तानात गेले आणि तेथील पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. सुरुवातीला परदेशातून सुटे भाग आणून मुंबईतील माझगावला जीप जोडल्या जात. पुढे सगळी गाडी इथेच बनू लागली.

आता आमच्या जीपकडे येऊ. वर्षभर आम्ही दर रविवारी काम केले. मिस्त्रींचा क्रम ठरलेला होता. आधी ब्रेक, मग स्टिअरिंग आणि शेवटी इंजिन. मला याचे नवल वाटले. गाडी सुरूच होत नाही, तर ब्रेक कशाला? ते म्हणाले, "थांबलेली गाडी चालली नाही तर फक्त वेळ जातो. चालणारी गाडी थांबली नाही तर माणूस जातो." जॅकवर उचललेल्या गाडीखाली त्यांनी मला एकदाही जाऊ दिले नाही. आधी लाकडाचे भक्कम ठोकळे आणि मगच माणूस खाली, हा त्यांचा नियम.

गंज कसा चढतो, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. खारटपणा असला की तो अधिक झपाट्याने वाढतो. नुसता वरून रंग मारला तर गंज आत वाढतच राहतो. म्हणून आम्ही तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने तो पार घासून काढला. खाल्लेला पत्रा कापून तिथे नवा जोडला. त्यावर रेड ऑक्साइडचा हात दिला आणि मग हिरवा रंग. जे नट हलेनात त्यांना डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी गुंडाळून आठवडाभर ठेवले. इंजिन जाम झाले होते. प्लग काढून त्या भोकांतून तेल ओतले आणि रोज थोडे थोडे हाताने हलवून पाहिले. अकराव्या दिवशी ते इंचभर फिरले. त्या दिवशी अम्मीने शिरखुर्मा केला, ईद नसतानाही!

इंजिनाला चार सिलिंडर. त्यांत ठिणगी पडण्याचा क्रम एक, तीन, चार, दोन. मिस्त्री तो एखाद्या पाढ्यासारखा म्हणत. पुढे व्हॉल्व्हमधले अंतर बसवायची वेळ आली. त्यासाठी कागदाइतक्या पातळ, आकडे कोरलेल्या पोलादी पट्ट्या असतात. मिस्त्री पट्टीवरचा आकडा वाचत नसत. दोन बोटांत पट्टी चोळून तिची जाडी ओळखत. मला वाटले, हे त्यांचे कसब आहे. ते कसब होतेच. पण एका रविवारी मी पाहिले, की खाली पडलेला पाना समोरच असूनही ते जमिनीवर हात फिरवून शोधत आहेत. मी विचारले, "काका, दिसत नाही का?" ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तीन वर्षे झाली मास्तर. धुके दिसते. कुणाला सांगू नका. डोळा गेलेल्या मिस्त्रीकडे गाडी कोण देईल?"

विद्यार्थी मित्रांनो, त्या दिवशी मला जीपपेक्षा त्या बोटांची काळजी वाटू लागली. पन्नास-पंचावन्न वर्षांचे ज्ञान त्या दहा बोटांत होते आणि ते कुठेही लिहिलेले नव्हते. त्यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या उस्तादांनी त्यांना हातात हात धरून शिकवले होते. आता त्यांच्याकडे एकही शागीर्द नव्हता. मी शाळेची एक दोनशे पानी वही काढली. ते सांगत आणि मी लिहीत असे. कोणता नट किती आवळायचा, कोणत्या आवाजाचा अर्थ काय, कोणत्या वासावरून काय ओळखायचे. एका बाजूला मराठी लिहिली, समोरच्या पानावर उर्दू.

डोळ्यांसाठी मात्र त्यांची समजूत घालायला दोन महिने लागले. त्यांना मोतीबिंदू झाला होता. मोतीबिंदूत डोळ्यातले भिंग गढूळ होते. शस्त्रक्रिया करून ते काढतात आणि तिथे कृत्रिम भिंग बसवतात. "डोळ्याचा पार्ट बदलतात म्हणा की!" असे म्हणून शेवटी ते हसले आणि तयार झाले. पट्टी निघाल्यावर ते आमच्याकडे आले, जीपभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "मास्तर, डावे मडगार्ड फिकट रंगवलेय. इतके दिवस मला कुणी सांगितले नाही!"

इकडे माझ्या शाळेतल्या मुलांना जीपची बातमी लागली होती. ती रोज नव्या फर्माइशी आणत. "सर, मोठे टायर लावा! सर, जीप वीतभर उंच करा! पुढे लोखंडी बंपर बसवा!" चित्रपटांतल्या गाड्या त्यांनी पाहिल्या होत्या. मी त्यांना मिस्त्रींसमोर उभे केले. मिस्त्रींनी एक काडेपेटी आधी आडवी ठेवून तिरक्या फळीवर टेकवली आणि मग उभी करून टेकवली. उभी काडेपेटी लगेच पडली. जीपची पुढची आणि मागची चाके एकमेकांपासून फक्त ८० इंचांवर असतात आणि रुंदीही कमी. ती उंच केली की गुरुत्वमध्य वर जातो आणि उतारावर गाडी सहज उलटते.

कायदाही हेच सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाने ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हीच गोष्ट स्पष्ट केली. म्हणून आम्ही आर.टी.ओ. कार्यालयात आधी विचारून मोजकेच बदल केले. जुन्या ब्रेकमध्ये तेलाचा एकच मार्ग होता. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक जाई. तिथे दोन स्वतंत्र मार्गांचा सिलिंडर बसवला. सीटला पट्टे लावले. टायर मूळ मापाचेच, पण खोल नक्षीचे घेतले. चासीला पुढे-मागे ओढण्यासाठी मजबूत हुक जोडले. बस्स, एवढेच.

तुम्ही विचाराल, मग ही गाडी चिखलात चालते कशी? नीट ऐका. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर कापते आणि आतले कमी. म्हणून दोन चाकांच्या मध्ये डिफरन्शियल नावाची दातेरी चक्रांची पेटी असते. ती दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देते. रस्त्यावर हा गुण आहे, पण चिखलात तोच दोष ठरतो. घसरणारे चाक नुसते गरगर फिरते आणि घट्ट जमिनीवरचे उभेच राहते. जीपमध्ये एक दांडा ओढला की पुढच्या चाकांनाही जोर मिळतो. दुसरा दांडा 'लो'मध्ये टाकला की वेग कमी होतो आणि जोर सुमारे अडीचपट वाढतो. मात्र कोरड्या डांबरी रस्त्यावर पुढचा दांडा ओढायचा नाही. तिथे चाकांना घसरायला वाव नसतो आणि वळताना सगळा ताण आतल्या दातांवर येतो.

जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि आम्ही वाडीची वाट धरली. मिस्त्री माझ्या शेजारी बसले होते. चढ सुरू होण्याआधी त्यांनी मला खाली उतरवले आणि सगळी वाट पायी चालून पाहायला लावली. वाटेत एक ओढा होता. काठीने त्याची खोली मोजली. "जिथे आपला पाय गेला नाही, तिथे चाक घालायचे नाही," ते म्हणाले. मग टायरमधली हवा थोडी कमी केली, कारण मऊ टायर जमिनीवर अधिक पसरतो आणि अधिक पकड घेतो. स्टिअरिंग धरताना अंगठे बाहेर ठेवले. दगडाचा धक्का बसला की चक्र उलटे फिरते आणि आत अडकलेला अंगठा मोडू शकतो. पहिला गिअर, 'लो', आणि चढाला अगदी सरळ. जीप पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने चढत गेली. कुठे घाई नाही, कुठे गर्जना नाही. वर पोहोचल्यावर वाडीतली एक म्हातारी बाहेर आली आणि आवाज ओळखून म्हणाली, "ही तर चाचांची गाडी!" परतताना ती आमच्याबरोबर दवाखान्यात आली. तिच्या गुडघ्याला औषध हवे होते आणि चार दिवस वाट बंद होती.

मित्रांनो, पुढे तुमच्यापैकी कुणाच्या हाती अशी गाडी आली, तर एक गोष्ट विसरू नका. वाट नसलेल्या जागी जाण्याची ताकद मिळाली, म्हणून सगळीकडे जायचे नसते. कोकणच्या सड्यांवर पावसाळ्यात इवलीशी फुले येतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. तिथे आपले चाक नेऊ नये.

ती दोनशे पानी वही आता भरली आहे. आमच्या शाळेतले दोन विद्यार्थी रविवारी मिस्त्रींच्या गॅरेजात जातात. एकाला मराठी पान लवकर वाचता येते, दुसऱ्याला उर्दू. अडले की दोघे एकमेकांना विचारतात. तुमच्याही मोहल्ल्यात असा एखादा लोहार, विणकर, शिंपी किंवा बोटी बांधणारा असेल, ज्याची विद्या फक्त त्याच्या बोटांत आहे. सुट्टीच्या दिवशी त्याच्याकडे जा. सोबत एक वही न्या. पहिल्या पानावर त्याच्या हत्यारांची नावे मराठीत लिहा, समोर उर्दूत लिहा आणि प्रत्येक हत्यार कशाला लागते ते त्यालाच विचारा.