राजमलैवरचा एक दिवस

कळसूबाईच्या माथ्यावर पोहोचला की मराठी माणूस कमरेवर हात ठेवून चहूकडे पाहतो. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही, हे समाधान त्या पाहण्यात असते. केरळातल्या मुन्नार गावाचा बाजार जवळजवळ तितक्याच उंचीवर भरतो, आणि तिथल्या भाजीवालीला त्याची गंधवार्ताही नसते! कळसूबाई १६४६ मीटर; या बाजाराच्या मागे उभा असलेला आनैमुडी २६९५. हिमालयाच्या दक्षिणेस भारतात याहून उंच शिखर नाही. त्याच्या अंगाखांद्यावर पसरलेले एरविकुलम राष्ट्रीय उद्यान आम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत पाहिले.

आम्ही म्हणजे सौ., दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला आमचा मुलगा आणि मी. पायांत रोजच्या वहाणा, पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. गिरिभ्रमण करणाऱ्यांत आमची गणना कोणी करणार नाही. उद्यानाचे क्षेत्र ९७ चौरस किलोमीटर, पण आमच्यासारख्या पाहुण्यांना त्यातला राजमलै नावाचा एक कोपरा तेवढा खुला. आपली गाडी खाली सोडायची, रांगेत उभे राहायचे, आणि वनखात्याच्या बसने चहाच्या मळ्यांतून वर जायचे. पुढे डांबरी वाट. तीही एका जागी संपते, आणि तिथे पहारेकरी हात आडवा करतो.

बसमध्ये मराठी ऐकू आले. सांगलीकडचे एक द्राक्षबागाईतदार सहकुटुंब आले होते. मराठी माणूस परमुलखात मराठी माणसाला भेटला की प्रथम गाव विचारतो आणि मग तिकिटाच्या दराबद्दल तक्रार करतो. दोन्ही गोष्टी यथासांग झाल्या. वर उतरल्यावर त्यांनी समोरचे नुसते गवत पाहिले आणि विचारले, "मास्तर, जंगल म्हणायचं ते हेच काय?"

प्रश्न रास्त होता. अभयारण्य म्हटले की आपल्याला दाट झाडी हवी असते. इथे माथ्यांवर गवत, आणि झाडी मात्र घळींतून, ओंजळीत पाणी धरावे तशी. या झाडीला 'शोला' म्हणतात. पावसाळ्यात पडलेले पाणी हे गवत आणि या घळी शोषून घेतात आणि पुढे सावकाश सोडतात. इथले काही ओढे पश्चिमेला पेरियारला मिळतात, तर काहींचे पाणी पूर्वेला कावेरीकडे जाते.

वळणावर मुलाने माझी बाही ओढली. रस्त्याच्या कडेला, हात लांबवला तर लागेल इतक्या अंतरावर, एक रानशेळी चरत होती आणि तिच्या पोटाशी पिल्लू. ही निलगिरी ताहर. तमिळात हिला 'वरैयाडू' म्हणतात. वरै म्हणजे डोंगराचा कडा आणि आडू म्हणजे शेळी. कड्याची शेळी! भाषेच्या मास्तराला आणखी काय हवे? वरच्या खडकावर एक थोराड नर उभा होता, पाठीवर खोगीर घातल्यासारखा पांढुरका पट्टा असलेला. ही जात केरळ आणि तमिळनाडूच्या डोंगरांखेरीज जगात कुठेही नाही. सारी मिळून तीन हजारही भरत नाहीत, आणि त्यांचा सर्वांत मोठा मेळा याच उद्यानात आहे.

"शेरडं तर आमच्या मळ्यात बी हायेत," बागाईतदार म्हणाले. पण आवाज आपोआप खाली आला होता.

मळेवाल्या इंग्रजांनी हे रान स्वतःच्या शिकारीसाठी राखले होते. १९७१ साली कायद्याने ती जमीन सरकारकडे आली, १९७५ मध्ये अभयारण्य झाले आणि १९७८ मध्ये राष्ट्रीय उद्यान. शिकारीसाठी राखलेले रान शिकारच थांबवून टिकले! पहारेकऱ्याने मोडक्या हिंदीत आणखी एक गोष्ट सांगितली. फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, शेळ्या विण्याच्या दिवसांत, पाहुण्यांना दार बंद असते.

सौ. पुटपुटली, "इतक्या लांबून येणाऱ्यांनी मग काय करायचे?"

उत्तर बागाईतदारांनी दिले. "वैनी, बाळंतिणीच्या खोलीत पाव्हण्यानं शिरू नये. आमच्याकडं देवराई असती बघा. तिथली काटकी बी कुणी उचलत न्हाई. ह्ये तसंच हाय." मी वर्गात निसर्गवर्णनावर कितीतरी तास बोललो असेन, त्या दोन वाक्यांत होते ते मला कधी सांगता आले नाही. ज्या वाटेवर पहारेकऱ्याने हात आडवा केला, तिच्या पलीकडचे न पाहिलेले डोंगर शाबूत आहेत, म्हणून अलीकडची शेळी आमच्याकडे निर्धास्त पाठ करून चरत होती.

उतारावर नीलकुरिंजीची झुडपे होती, हिरवी आणि अगदी मुकी. आपल्या सह्याद्रीतल्या कारवीची ही बहीण. कारवी सात-आठ वर्षांनी फुलते, ही बारा वर्षांनी. दोघीही एकदाच फुलतात, बी टाकतात आणि मरतात. प्राचीन तमिळ काव्यात डोंगराळ मुलखाला, आणि तिथल्या प्रियजनांच्या मीलनाला, हिचेच नाव आहे. मागचा बहर २०१८ सालचा, पुढचा २०३० साली यायचा. इकडचे पालियन आदिवासी या बहरांवरून वय मोजीत असे सांगतात. त्या हिशेबाने मी पावणेचार कुरिंजींचा, आणि चिरंजीवांनी अजून सव्वाही पुरी पाहिलेली नाही.

परतीच्या बसची वाट पाहताना आनैमुडीवर ढग उतरला आणि शिखर दिसेनासे झाले. बागाईतदारांनी दशमीचा तुकडा तोंडात टाकत विचारले, "२०३० ला येताय का मास्तर?"

मी मुलाकडे पाहिले. तो बोटांवर स्वतःचे वय मोजत होता.

"मी येईन," तो म्हणाला. "तुम्हाला घेऊन येईन."